सांबाराच्या कुंडीतली आमरी

माय, तुला पत्र लिहिण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. तू होतीस तेव्हा आवश्यकता भासली नाही, कारण तू चुलीपाशी आणि मी उंबऱ्यावर, एवढेच अंतर होते. आणि तू गेल्यानंतर त्या मार्गावर टपालखात्याने अद्याप सेवा आरंभिलेली नाही. मी आता पन्नाशी उल्लंघिलेला संस्कृताध्यापक आहे. माझ्या भाषेला चिखलीतले विद्यार्थी वचकून असतात. तू मात्र पदर तोंडाला लावून हसायचीस. "सरळ बोल ना बे. पोथी काऊन वाचून राह्यला?"

विषय तुझ्या मायेरचीचा आहे. माहेराहून, सोनाळ्याहून परतताना, सातपुड्याच्या उतारावरचा बोराएवढा कंद तू पदराच्या गाठीत बांधून आणला होतास, सोबत ओंजळभर तिथलीच माती. शास्त्रात तिला आमरी म्हणतात, म्हणजे ऑर्किड, जमिनीत वाढणारे. तू 'माही मायेरची' म्हणायचीस. पावसाळ्यात मातीला चिकटून पाने पसरायची, श्रावणात एका दांड्यावर शुभ्र फुले यायची, आणि दिवाळीपर्यंत सारे वाळून कुंडी संन्याशासारखी निरिच्छ व्हायची. एका उन्हाळ्यात मी, तेव्हा शाळकरी, भूतदयेने प्रेरित होऊन तिच्यावर लोटाभर पाणी ओतले. तू पिठाच्या हातांनीच बाहेर आलीस.

"अबे, काय करून राह्यला?"

"मेली ना माय ते."

"मेली नाई, झोपली हाये. झोपलेल्याच्या तोंडात पानी टाकते काय कोनी?"

कुंडी कलती करून तू पाणी निथळू दिलेस. तोवर तव्यावरची भाकरी करपली, आणि न्यायतत्त्वास अनुसरून ती माझ्या ताटात आली.

तेव्हापासून ग्रीष्मात त्या कुंडीस जलस्पर्श वर्ज्य. तू गेल्यावरही हे व्रत मी निष्ठेने पाळले. यंदा मात्र उत्तरपत्रिका तपासण्यासाठी मला अमरावतीस जावे लागले, आणि परतून, जेवून गच्चीवर पाहतो, तर तुझ्या कुंडीत सांबार डोलतो आहे. पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात, तोच. हिरवागार, सकाळ-संध्याकाळ पाणी प्यालेला. तुझ्या सुनेस मी गंभीर स्वरात निवेदन केले, "ती कुंडी रिक्त नव्हती. सुषुप्तावस्थेत होती."

"मंग तसं लिहून ठेवाचं ना कुंडीवर! मले काय सपन पडते? तुमी त कधी सांगतलं नाई."

"परंतु कुंडीत पाणी…"

"आन् आता दोन भाकरी कशासंग खाल्ल्या तुमी?"

सांबाराची चटणी उत्कृष्ट झाली होती, हे सत्य मी नाकारू शकलो नाही.

सांबार मुळाशी कापला, उपटला नाही. बोटाने माती उकरून कंद कुजला की वाचला हे पाहता आले असते. पण उकरल्याने कोवळा कोंब मोडतो, हेही तुझेच सांगणे. म्हणून केवळ प्रतीक्षा. दुसरी आणावी, तर डोंगरातही ती आता क्वचितच दिसते, आणि दिसली तरी तिथून उपटणे मला मान्य नाही. तुझ्या नऊवारीच्या गोधड्या झाल्या, तुझा तवा झिजला. तुझ्या हातून माझ्या हाती आलेले जिवंत असे हे एवढेच. रोज चहाचा कप घेऊन मी गच्चीवर जातो, नगरनिरीक्षणाचे सोंग करतो आणि कुंडीकडे तिरपे पाहतो. सूनबाई तुझी, वाळवण नसतानाही वर येते.

अशा वेळी तुझा शेवटचा दिवस आठवतो. तू खाटेवर निश्चल, श्वास दुरून आल्यासारखा. मामा वाटी-चमचा माझ्या हाती देतात. "टाक बापू, लेकाच्या हातचं पानी हाये." सारे हात जोडून, डोळे मिटून उभे. मी तुझे डोके मांडीवर घेतो, वाटीत चमचा बुडवतो, तुझ्या ओठांशी नेतो. पुढे कित्येक दिवस आप्तेष्ट सांगत राहिले की पुत्रधर्म यथासांग पार पडला, आणि मी नम्रतेने मान झुकवीत राहिलो.

मृग कोरडाच सरला, आर्द्रा सरल्या. कुंडीत केवळ काळी माती आणि सांबाराचे वाळके बुडखे. मी मनातल्या मनात शोकसभेचे भाषणही रचले. बरेच दीर्घ झाले होते. आणि काल सकाळी गच्चीवरून तुझ्या सुनेची हाक आली, "अवो, या ना वर! तुमची सुषुप्ती उठली!" बुडख्यांच्या मधोमध नखाएवढे पान, मातीला कान लावून निजल्यासारखे. मी काहीतरी सुभाषित म्हणणार होतो, आठवलेच नाही. दोघेही गुडघ्यांवर बसून पाहत राहिलो.

म्हणून हे पत्र. लिहून झाल्यावर ते कपाटात जाईल, कारण वाचले असतेस तर एवढेच म्हणाली असतीस की सरळ सांग. तर सरळ सांगतो. सारा वैशाख पाणी पिऊनही तुझी मायेरची उठली. एका चमच्याने तुझे काही बिघडले नसते, हे आता कळते. पण तेव्हा मले वाटलं, तू झोपली हायेस. कोनी पाहत नाई असं पाहून भरलेला चमचा मी वाटीतच उलटा केला होता. तुह्या ओठाले लावला तो चमचा रिकामा होता, माय.