बसायची ड्युटी

११ जुलै २०१२

प्लास्टर चढलं. डावा पाय, गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. आज सकाळी प्लांटमध्ये बॉयलरच्या लोखंडी जिन्यावरून पडलो — पायरीच निघाली पायाखालून! डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे घरी पडून राहा.

सायंकाळी सेफ्टी ऑफिसर गजेंद्र साहेब फुलचूरला घरी आले. सफरचंदं घेऊन. "रत्नपाल, उद्यापासून जीप येईल. प्लांटमध्ये फक्त बसायचं."

बायको अल्का म्हणाली, "मोडल्या पायानं कायले?"

साहेबांनी समजावलं. माणूस एक दिवस जरी घरी राहिला तर अपघात मोजला जातो, मुंबईच्या हेड ऑफिसच्या वार्षिक रिपोर्टात चढतो. कामावर आला तर चढत नाही. आपल्या प्लांटला आठशे दिवस एकही अपघात नाही. "रेकॉर्ड मत तोड भाई. दिवाळीला तुला पक्का करतो."

सहा वर्षं ठेकेदाराकडे काढली. हो म्हटलं.

१२ जुलै

ड्रायव्हर टेकचंदने उचलून जीपमध्ये ठेवलं. सेफ्टी ऑफिसात खिडकीजवळ खुर्ची, पायाखाली स्टूल. आठ तास. हजेरी लागली.

१६ जुलै

बसलो.

१९ जुलै

पाय सुजला. बोटं काळीनिळी. दुखत नाही — काहीच वाटत नाही.

जेवणाच्या सुट्टीत भैय्यालाल आला. माझ्याच जोडीचा फिटर, केशोरीचा. म्हणे, "पायरी तशीच हाय गा. तार बांधून चढून राहिलो आमी." पायरीचं मी साहेबांना विचारलं. कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाले, "अपघातच झाला नाही, तर दुरुस्ती कशावर दाखवू?"



३१ जुलै

मुंबईहून एक मॅडम आल्या, रिपोर्टातले आकडे तपासायला. चांगल्या होत्या. पायाकडे बघून विचारलं, "काय झालं?" साहेब शेजारीच उभे. मी म्हटलं, घराजवळ मोटरसायकलवरून पडलो. त्यांनी लिहून घेतलं. "लवकर बरे व्हा," म्हणाल्या.

त्या गेल्यावर साहेबांनी चहा मागवला. समोसापण. खाल्ला.

९ ऑगस्ट

भैय्यालाल पडला. तोच जिना, तीच पायरी. तार तुटली.

खिडकीतून लोक पळताना दिसले. मला उठता येईना. चौघांनी त्याला इथूनच नेलं, अगदी समोरून. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होता की नुसतेच उघडे होते, कळलं नाही. ॲम्ब्युलन्स नागपूरला गेली.

१० ऑगस्ट

भैय्यालालचा पाठीचा कणा मोडला. कमरेखाली जाणीव नाही, टेकचंदने सांगितलं. त्याची बायको अन्नपूर्णा दवाखान्यात एकटीच आहे म्हणे.

साहेब फोनवर विचारत होते — "बैठ सकता है क्या?" दोनदा विचारलं. मी तिथेच, चार हातांवर. खरं सांगितलं असतं मॅडमला तर? रडू येईल वाटलं. आलं नाही. पाच वाजता घरी आलो. भात खाल्ला.

११ ऑगस्ट

जीप आली. टेकचंदने तीनदा हॉर्न दिला. अल्का म्हणाली, "काऊन, जाऊन नाही राहिले काय आज?"

नाही, म्हटलं. लिहू दे त्यांना अपघात.