बिनदाराचं सुरक्षित घर

१६ जून २०१९, रविवार
पक्कं ठरलं. घर रिमॉडेल करायचं, फॅमिलीच्या लाइफस्टाइलला शोभेल असं. शिवांगी बारावीला आहे, मेडिकलची तयारी चालू आहे, तिला स्वतःची खोली पाहिजे. सगळं लातूर बाहेरगावच्या पोरांना खोल्या देऊन राहिलंय आणि आमच्या पोरीला टीव्हीशेजारी बसून बायोलॉजी वाचावी लागते. महानंदाला प्लॅन सांगितला. म्हणाली, हे तुम्ही ती दहावीला होती तवापासून सांगून राहिलात. बायकोला व्हिजन नाही. मी स्वतः इंजिनिअर आहे.

२० जून
भुजंग मिस्त्री आला. वर स्लॅब टाकून झकास खोली काढू म्हणाला. मी हो म्हणालो. तेवढ्यात त्यानं भिंतीवर थाप मारली अन् थोडं प्लास्टर पडलं. माझे हातपाय गार. भीती नव्हे, बीपी असेल. ९३ च्या भूकंपात आमच्या गावात पडली ती दगड-मातीची माळवदं, स्लॅब नव्हे, हे मला कळतं. पण डोक्यावरचं वजन ते वजनच. स्लॅब कॅन्सल. खोली खालीच, कपाटं हलवून.

२३ जून
माळा पाडला. पंखे उतरवले. सगळे घामाघूम, पण सेफ.

२९ जून, शनिवार
मास्टरस्ट्रोक! भूकंपात चौकटी तिरक्या होतात अन् दारं अडकतात. गावात भागाकाकूचं दार असंच अडकलं होतं. लोक बाहेरून लाथा घालत राहिले, ती आतच गेली. म्हणून आज घरातली सगळी दारं काढली. भुजंग म्हणे, साहेब, समोरचं तरी ऱ्हाऊ द्या, चोराला काय पडदा सारून या म्हणावं का? समोरचं ठेवलं, कडी काढली. बाकी सगळीकडे पडदे. संडासालासुद्धा. शिवांगीच्या खोलीला जाड निळा पडदा घेतला. ती त्याच्याकडे बघत बसली. खूश असावी.

७ जुलै, रविवार
मॉक ड्रिल. मी शिट्टी मारली की सगळ्यांनी समोरचं मैदान गाठायचं. महानंदा म्हणाली, हातातली एवढी पोळी होऊ द्या. मायला उठवायला गेलो. भूकंपात काय काय होतं ते समजावून सांगायला लागलो. मायला ९३ ला लोकांनी ढिगाऱ्यातून उपसून काढलं होतं. ती म्हणाली, मला सांगतूस व्हय रं? तू कुटं होतास तवा? नांदेडला घोरत होतास की! अन् कूस बदलून झोपली. आता हे खरं आहे की त्या पहाटे मी तिथं विष्णुपुरीच्या कॉलेज होस्टेलवर होतो अन् मला जाग आली नाही. पण त्यामुळंच माझा अभ्यास तटस्थ आहे.

१५ जुलै
महानंदाचा भाऊ गुरुबसप्पा उदगीरहून मुक्कामाला आला. सकाळी संडासाच्या पडद्यापर्यंत गेला, खाकरला, परत येऊन सोफ्यावर बसला. असं बऱ्याचदा केलं. शेवटी ऑटो करून बसस्टँडला गेला, तो तिकडूनच उदगीरला. बॅग इथंच. माणसं नव्या गोष्टी लवकर स्वीकारत नाहीत.

२८ जुलै, रविवार
शिवांगीचे क्लासमधले मार्क घसरले. म्हणाली, पप्पा, मला दार पाहिजे. टीव्ही ऐकू येतो, आजीचा खोकला ऐकू येतो, अन् तुमची ती शिट्टी. मी म्हणालो, कानात कापूस घाल. रडली. डॉक्टर व्हायचं म्हणते अन् एवढ्याशा गोष्टीला रडते! मलाही जेवण गेलं नाही. वाटलं, बसवून टाकावं दार. मग डोळ्यापुढं आलं, ती आत, अन् मी बाहेरून लाथा घालून राहिलोय. मला लई भीती वाटते. म्हणजे, काळजी.

४ ऑगस्ट, रविवार. दुपार
जमीन हादरली! सोफा थरथरला, ग्लासातलं पाणी हललं. शिट्टी सापडेना. पळा म्हणून ओरडलो अन् मैदान गाठलं. प्लॅन एकदम परफेक्ट. मागं वळून बघतो तर मी एकटाच, बनियन-टॉवेलवर. समोरच्या होस्टेलच्या पोरी गॅलरीतून बघून हसून राहिल्या. शेजारी नव्या क्लासच्या बिल्डिंगला बोअर मारायची गाडी लागली होती, एवढंच. घरी आलो. महानंदा गॅस बंद करून उभी. मायला लवकर उठता येईना म्हणून शिवांगी तिचा हात धरून पलंगापाशीच थांबलेली. मी पुढं जाऊन जागा बघत होतो.

११ ऑगस्ट, रविवार
शिवांगी आज होस्टेलला गेली. गावातल्या गावात! रस्त्याच्या पलीकडं, चौथा मजला. दार आहे, आतून कडी आहे म्हणाली. महानंदानं गादी नेली, माय कठड्याला धरून वर पोचली. पालकांनी येऊन खोली बघायची असते. मी पहिल्या मजल्यापर्यंत गेलो. तिथं भिंतीला हात लावून उभा राहिलो तो राहिलोच. पाय उचलेनात. पोरी काका, सरका म्हणत बाजूनं वर-खाली करत होत्या.

शेवटी शिवांगीच खाली आली. माझा हात धरला, हळू म्हणाली, अन् एकेक पायरी उतरवत खाली आणलं. गाड्या थांबवून रस्ता ओलांडवला. घरात सोफ्यावर बसवून पाणी दिलं. म्हणाली, पप्पा, भिऊ नका, मी रोज संध्याकाळी गॅलरीतून हात करीन. अन् गेली.