एकेचाळीस डबे गाळ आणि एक माफी

हमद टाउन, बहरीन
१७ मे

तीर्थस्वरूप शिवदासमामांच्या चरणी,

गुरुप्रसादचा बहरीनहून साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. हेमाने नवा सोफा घेतल्यापासून आमच्या हॉलमध्ये कुणाला आडवं पडण्याइतकी जागा उरलेली नाही.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींची साखर ताब्यात आहे का, की अजून चहात दोन चमचे घालून वर डॉक्टरलाच वेड्यात काढणं चालू आहे? आम्ही तिघं खुशाल आहोत. हेमा बाल्कनीतल्या कुंडीत कढीपत्ता जगवते आहे आणि ऊन तो मारतं आहे. सध्या बरोबरी आहे. सावनी अकरावीत गेली. मी तिला मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि हेमा आम्हा दोघांना मराठीत रागावते, ते मात्र दोघांनाही नीट कळतं. तुम्हाला मोबाइलवर चार ओळींपलीकडे वाचवत नाही आणि माझी हकिगत चार ओळींत मावत नाही, म्हणून कागद घेतला. शेजारचा जयेश पुण्याला निघाला आहे, तो तिथून कुरिअर करील.

मामा, तुम्ही सातारा जिल्हा परिषदेच्या शिक्षण खात्यात एकतीस वर्षं काढलीत, त्यातली अकरा हेडक्लार्क म्हणून, तेव्हा अर्जाचं पुढे काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पण आमच्या विद्यापीठाने या कलेत जी प्रगती केली आहे ती तुमच्या कानावर घालावी असं फार दिवस मनात होतं. तुमच्याकडे अर्ज निदान धूळ तरी खायचा. इथे तो संगणकात असल्यामुळे तीही सोय नाही.

तर झालं असं. मी इथे सॉइल मेकॅनिक्स शिकवतो, म्हणजे माती दाबली तर किती दबते आणि किती दिवसांत दबते. तुबलीच्या खाडीतला गाळ मी दोन वर्षांपूर्वी स्वतः गुडघाभर चिखलात उतरून गोळा केला होता. एकेचाळीस डबे. दर डब्यावर ठरलेलं वजन, दर रविवारी पाण्याचा शिपका आणि वहीत नोंद. (हेमा म्हणते की तिच्या आजारपणातही मी तिच्याकडे इतक्या खेपा घातल्या नाहीत. हे खोटं आहे, पण फार खोटं नाही.) या गाळावर माझा संशोधन लेख उभा राहायचा होता, आणि त्या लेखावर माझं कॉन्ट्रॅक्ट. आमच्याकडे नियम आहे की नूतनीकरणाच्या वर्षात एक तरी लेख छापून यावा. माझं कॉन्ट्रॅक्ट एकतीस ऑगस्टला संपतं. ते संपलं की व्हिसा संपतो, व्हिसा संपला की फ्लॅट, शाळा, कढीपत्ता, सगळं. म्हणजे आमचं बहरीनमधलं बिऱ्हाड त्या एकेचाळीस डब्यांत होतं म्हणा ना.

फेब्रुवारीत विद्यापीठाचा दर्जा तपासायला बाहेरचे पाहुणे येणार होते. पाहुणे यायचे म्हटलं की आपल्याकडे जे होतं तेच इथेही होतं: आधी भिंतींना रंग, मग कुंड्या, मग जे जे दिसायला बरं नाही ते उचलून बाहेर. आमचे विभागप्रमुख डॉ. नावेद (मनाने चांगले गृहस्थ, पण पाहुणे आले की त्यांना घाम फुटतो) यांनी माझ्या प्रयोगशाळेत डोकावून पाहिलं, तर त्यांना एकेचाळीस डबे चिखल दिसला. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या, पण त्या मी मराठीत लिहिल्या होत्या. इंग्रजीत लिहिलं की लोक वाचतात, आणि संशोधनाच्या बाबतीत मी जरा संशयी आहे. शनिवारी सुट्टीच्या दिवशी डबे गेले. रविवारी मी पाण्याची बाटली घेऊन गेलो, तर त्या जागी निळ्या खुर्च्या आणि एक प्लास्टिकचं झाड.

मी तक्रार केली. आमच्या पोर्टलवर तक्रारीचे नऊ प्रकार आहेत: पगार, पार्किंग, वर्तणूक, वातानुकूलन वगैरे. गाळ कशातच बसेना, म्हणून 'इतर' निवडलं. 'इतर' तक्रारी कॉम्प्युटर विभागाकडे जातात हे मला नंतर कळलं. त्यांनी ती देखभाल विभागाकडे रेफर केली. (रेफर करणं म्हणजे तुमचं 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग'. फक्त इथे वर्ग होताना मोबाइल टिंग वाजतो, त्यामुळे आपलं काम होतं आहे असं वाटत राहतं.) देखभालने ती सुरक्षा विभागाकडे धाडली आणि सुरक्षावाल्यांनी मलाच उलट विचारलं की दोन वर्षं विद्यापीठाच्या आवारात ओला चिखल ठेवायची परवानगी मी कुणाकडून घेतली होती. त्यांना उत्तर देऊन होईतो मार्च संपत आला आणि तक्रार अखेर तक्रार निवारण समितीकडे पोचली.

समिती तिघांची. अध्यक्ष डॉ. अमीर, सचिव सबा मॅडम आणि माझ्या विभागाचे प्रमुख या नात्याने डॉ. नावेद. तक्रार नावेदांच्याच विरुद्ध असल्यामुळे ते नियमाप्रमाणे उठून बाहेर गेले, आणि दोन मिनिटांनी साक्षीदार म्हणून आत येऊन त्याच खुर्चीवर बसले. त्यांचा अर्धा कप चहा तिथेच होता, तो त्यांनी संपवला.

आता मामा, इथे तुमचा संबंध येतो. आठवीच्या सुट्टीत तुम्ही मला तुमच्या ऑफिसात नेऊन अर्ज लिहायला शिकवलं होतं. मजकूर कितीही कडक असू दे, शेवटी नमतं घ्यावं, साहेबाला सही करायला सोपं जातं, असं तुम्ही म्हणाला होतात. मी तीन पानी तक्रार इंग्रजीत लिहिली, मुद्देसूद, फोटोंसह, आणि शेवटी आपल्या रीतीप्रमाणे लिहिलं की माझ्या हातून काही चुकलं असल्यास उदार मनाने क्षमा करावी. आपल्याकडे ती ओळ कुणी वाचत नाही. इथे त्यांनी फक्त तीच वाचली. पंधरा मिनिटांत निकाल लागला: तक्रारदाराने आपली चूक लेखी मान्य करून क्षमा मागितली आहे, समिती ती उदार मनाने स्वीकारते, प्रकरण बंद. डॉ. अमीर उठून उभे राहिले, त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, खजुराची थाळी पुढे केली आणि म्हणाले, "खलास, डॉक्टर, खलास." त्या माणसाच्या डोळ्यांत इतकी माया होती की माझ्या तोंडून "थँक यू" निघून गेलं. सबा मॅडमनी तेही इतिवृत्तात घेतलं.

असा मी माफ झालो. माझ्या फाइलमध्ये आता 'गैरवर्तन: एक. निकाल: क्षमा' अशी नोंद आहे. मी अपील करायला गेलो तर सबा मॅडम अगदी कळवळून म्हणाल्या की अपील ज्याचं नुकसान झालं त्याला करता येतं, आणि माफी मिळालेल्या माणसाचं नुकसान कसं होईल? मी मात्र इरेला पेटलो होतो. नियमांची चौदा पानं चाळली तेव्हा एक कलम सापडलं की संबंधित कागदपत्रं मागता येतात. मी मागणी टाकली: माझा गाळ कुठे आणि कसा टाकला त्याचा विल्हेवाटीचा दाखला दाखवा. मला वाटलं, आता बरोबर कोंडीत पकडलं. त्या दिवशी घरी येऊन मी हेमाला बासुंदी करायला लावली.

चारच दिवसांनी कैलास भेटला. कैलास म्हणजे आमच्या सफाईच्या ठेकेदाराचा मुकादम, लांज्याकडचा, गावी बायको आणि दोन मुली. इमारतीत मराठी वाचू शकणारी माणसं दोन, एक मी आणि एक तो. जिन्याखाली मला गाठून तो हळूच म्हणाला, "सर, डब्यांवर तुमच्या अक्षरात लिवलेलं, हात लावू नये. मंग मी टाकनार कसं?" त्याला कचऱ्यात टाकायचा हुकूम होता, आणि त्याने एकेचाळीसच्या एकेचाळीस डबे तुबलीला गाववाल्याच्या गॅरेजात नेऊन ठेवले होते. (हात न लावता कसे नेले, ते मी विचारलं नाही.) मला सांगायला तो दोन महिने संधी शोधत होता, पण मी सारखा कुठल्या ना कुठल्या विभागात खुलासा द्यायला गेलेला. संध्याकाळी आम्ही गॅरेजात गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये राहून गाळाची पार ढेकळं झाली होती, कडेला भेगा, वजनं कुठेतरी घरंगळलेली. त्या मातीतून आता कसलाही लेख निघणार नव्हता. कैलास माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी त्याला सांगितलं की तुझ्यामुळे माझी दोन वर्षं वाचली. त्याने खुशीत चहा मागवला.

आणि तेवढ्यात विद्यापीठ जागं झालं. माझी एकही मागणी ज्यांनी मनावर घेतली नव्हती त्यांनी ही एक नेमकी मनावर घेतली. दाखला शोधला, तो नाही. मग डबे कुणी नेले ते शोधलं, तर कैलास. हुकूम मोडून विद्यापीठाची वस्तू परस्पर हलवली म्हणून त्याला नोटीस निघाली. त्याला काढलं तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी व्हिसा रद्द करून विमानात बसवील. मी धावत मागणी मागे घ्यायला गेलो. पोर्टलवर मागे घेण्याचं बटण नाही. तशी सोय हवी असेल तर त्यासाठी तक्रार नोंदवावी, असं तिथे लिहिलं आहे. खरं सांगतो मामा, मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझा हट्ट, माझी चौदा पानं, आणि मान अडकली त्याची.

माझं स्वतःचं मात्र उत्तम चाललं आहे, काळजी नसावी. पाहुण्यांनी जाताना विचारलं होतं की प्राध्यापकांच्या तक्रारी तुम्ही कशा सोडवता, आणि अहवालासाठी विद्यापीठाने माझीच फाइल त्यांना धाडली. तक्रार आली, ऐकली, मिटली, तक्रारदाराने आभार मानले, पाहुणे खूश. त्यामुळे लेख नसला तरी तुमचं नूतनीकरण पक्कं समजा, डीनची सही तेवढी राहिली आहे, असं नावेद परवा म्हणाले. कैलासची चौकशी रविवारी आहे. तक्रारींचा अनुभवी माणूस म्हणून मलाही बोलावलं आहे. बघू काय होतं ते.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत चला, आणि जिना जपून.

तुमचा,
गुरुप्रसाद

ता. क. जयेशला रजा आठवडाभर उशिरा मिळाली, म्हणून पत्र बॅगेतच राहिलं. सोबत खजूर पाठवतो आहे. मामींनी मोजून खावेत.

ता. क. २. रविवार झाला. कैलास इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता, बस म्हटलं तरी बसेना. मी डॉ. अमीरांपुढे एक कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं की डबे मीच हलवायला सांगितले, गॅरेजही मीच ठरवलं, कैलासने प्राध्यापकाचं ऐकलं एवढंच. तो मध्येच बोलायला लागला, तेव्हा मी त्याला मराठीत सांगितलं की तोंड मिट, तुझ्या मुलींची शपथ आहे तुला. समितीतल्या कुणाला ते कळलं नाही. डॉ. अमीरांनी कागद दोनदा वाचला आणि या खेपेला खजुराची थाळी पुढे आली नाही. मामा, चार महिन्यांत मी पाहिलेला हा पहिला कागद, जो कुठेही रेफर झाला नाही. अकराला दिला, दोनला निकाल हातात. कैलासची नोटीस रद्द झाली. माझी तक्रार खोटी ठरली, आणि माझं कॉन्ट्रॅक्ट एकतीस ऑगस्टपुढे वाढणार नाही.

ता. क. ३. वर जे लिहिलं आहे त्यातलं 'काळजी नसावी' हे वाक्य खोडावं असं वाटलं होतं, पण खाडाखोड तुम्हाला चालत नाही. खरं काम असं आहे: कऱ्हाडच्या कॉलेजात सावनीला अकरावीला प्रवेश मिळेल का, ते पाहून ठेवा. आता सगळं ऑनलाइन असतं म्हणतात, तरी तुम्ही जाऊन विचारलेलं बरं. आणि तुमच्या वरच्या दोन खोल्या सप्टेंबरपासून आम्हाला काही महिने देता येतील का? हेमाला मी अजून काही सांगितलेलं नाही. कुठे जायचं ते ठाऊक असलं, तर सांगायला तोंड उघडेल. फोन केलात तर ती स्पीकरवर ठेवते, म्हणून दुसरं काही बोलू नका. जमणार असेल तर 'वरच्या खोल्या रंगवायला काढल्यात' एवढंच म्हणा. मी समजेन.