तीन बोटं कमी पडलेलं धनुष्य

चुडावा, पौष शु. ५, शके १८६१

तीर्थरूप बन्सीधरदादा यांस धाकट्या धुरपताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडील क्षेम लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. क्षेम काही नाही. तुम्ही सेलूहून रेल्वेनं पाठवलेलं धामणीच्या लाकडाचं धनुष्य परवा मोडलं. ज्वारी हुरड्यावर आलीय. दिवस बुडायला डुकरं शिरली तशी मी राखणीच्या माळ्यावरून उतरले, बाण लावला आणि लहानपणी तुम्हीच शिकवल्याप्रमाणे मूठ जबड्यापर्यंत ओढली. धनुष्याचं वरचं पातं कडाडून तुटलं ते माझ्या भुवईवर. डोळा वाचला. डुकरांनी मात्र ज्वारीची सहा तासं आडवी केली.

जखमेचं काही नाही दादा, बोलणं सोसवत नाही. सासूबाई म्हणतात, बाईच्या हाताचा विटाळ झाला म्हणून लाकूड मोडलं. पाणवठ्यावरही तेच चाललंय. आमचे हे मान खाली घालून गप्प. आता घरात ठरलंय की रानाची राखण मी करायची नाही, चुलीपुढं बसायचं. ह्यांचा नेम तर असा की डुकरांनी निवांत जेवून जावं!

मला एवढंच सांगा, कापसाच्या जिनात नोकरी लागल्यापासून तुम्ही लाकूड घाईत तासता का? बहिणीचं काम म्हणून उरकलंत का? बंदुकीचा परवाना आमच्यासारख्यांच्या नशिबी नाही, म्हणून तर तुमच्या हातावर भरवसा ठेवला होता.

वहिनींना नमस्कार. लोभ ठेवावा, पण उत्तर लोभानं नको, खरं द्यावं.

आपली धुरपता


सेलू, पौष शु. ११

चि. सौ. धुरपतास बन्सीधरचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचून आधी तुझ्या भुवईची काळजी वाटली, मग अंगाचा तिळपापड झाला. जखमेत हळद भरत जा आणि चुलीच्या धुरात बसू नको.

मी उरकलं म्हणतेस? दोन वर्षं सावलीत वाळवलेलं धामण होतं ते. भिंतीच्या खुंटीला अडकवायचं, दोरी बोट-बोट ओढायची, कोणतं पातं कमी वाकतं ते बघायचं आणि तेवढंच काचेच्या तुकड्यानं खरवडायचं. असे बारा दिवस गेले. आणि ओढायचं कुठवर? तर तू पाठवलेल्या सुतळीच्या गाठीपर्यंत. लांब केलेल्या डाव्या हाताच्या मुठीपासून उजव्या जबड्यापर्यंत सुतळी ताणून गाठ मारा, असं मी स्वच्छ लिहिलं होतं. त्या गाठीपलीकडे लाकडाला काही शिकवलेलंच नसतं. पुढं ओढलं की ते मोडणारच, मग हात बाईचा असो की बुवाचा. विटाळ म्हणे! तुझी सुतळी अजून माझ्या खुंटीला आहे. तीन वितीला एक बोट कमी. ज्याला शंका असेल त्यानं येऊन मोजावी.

गाठ बघून मला नवल वाटलं होतं, हे कबूल करतो. एवढासा हात आमच्या धुरपताचा? मग म्हटलं, सासरी राबून माणूस आखडत असेल. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तरी ती गाठ कुणी मारली, ते आधी शोधून काढ.

जावई चंद्रभानरावांस नमस्कार. सासूबाईंस दंडवत, जरा लांबूनच. माया आहेच, ती काही सुतळीनं मोजत नाही.

बन्सीधर


चुडावा, पौष व. ४

तीर्थरूप दादांस धुरपताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

शोध लागला. फार लांब जावं लागलं नाही.

तुमचं पत्र मी सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं. हे उठून गोठ्यात गेले. मी मागोमाग गेले तेव्हा हे बोलले. ह्यांनी माप माझंच घेतलं होतं, गाठही मारली होती. मग ह्यांना काय वाटलं कोण जाणे, तीच सुतळी स्वतःच्या हाताला लावून बघितली. ह्यांचा हात तीन बोटं कमी भरला. बायकोचा हात नवऱ्याहून लांब, हे सेलूपर्यंत कळायला नको म्हणून माझी गाठ सोडली आणि आपल्या मापाची मारली. म्हणतात, तीन बोटांनी काय बिघडणार होतं! माझा डोळा जाणार होता, एवढंच. पण त्याचाही राग मी गिळला असता. ह्यांची आई विटाळ विटाळ म्हणत होती, तेव्हा सगळं ठाऊक असून हे गप्प राहिले. ते मी विसरणार नाही.

आणि दादा, तुम्हीही सुटत नाही. लग्नात अंतरपाटामागं कानाशी येऊन कुणी सांगितलं होतं, की गुडघे वाकव, नवरा बुटका दिसतोय? अकरा वर्षं झाली, मी या घरात वाकूनच उभी आहे. गाठ आखूड दिसली तरी तुम्ही का विचारलं नाही, ते मला कळतं. ही झाकपाक आधी तुम्ही सुरू केलीत.

आज ओसरीच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. सासूबाई होत्या, शेजारची कडूबाई होती. माप ह्यांनाच घ्यायला लावलं. सुतळी जबड्याशी नेताना ह्यांना मान वर करून माझ्याकडं बघावं लागलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, जरा वाक की गं. मी वाकले नाही. ह्यांनी तशीच गाठ मारली आणि आईला सांगितलं की लाकूड माझ्यामुळं मोडलं, हिच्यामुळं नाही. कडूबाईनं ते ऐकलंय, म्हणजे गावानं ऐकलं.

सुतळी सोबत आहे. नवं धनुष्य येईपर्यंत मी माळ्यावर पत्र्याचा डबा वाजवते. लोभ असावा, आणि यापुढं मला कुणापुढं वाकायला सांगू नये.

तुमची बहीण
धुरपता