शनिवारपर्यंत जावा

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी १०.
शुद्धलेखनाच्या चुका होतील, माफी. टायपिंगही हळू आहे, एका बोटाने. दुसरं बोट आधाराला. माफी कोणाची मागतेय देव जाणे, हे कोणीच वाचणार नाहीये.

आजपासून मी प्रोग्रामर! ताईच्या ओळखीच्या एक मॅडम आहेत. त्यांच्या ऑफिसात मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम बनतात, त्याला एंटरप्राइझ म्हणतात. त्यांना शिकाऊ हवाय, एकच. शिक्षणाची अट नाही. (नववीत शाळेला मी सोडलं, शाळेने मला नाही.) शनिवारी अकराला लॅपटॉप घेऊन जायचं. जावा नावाची प्रोग्राम लिहायची भाषा, सर्व्हर, सगळं सेटअप केलेलं हवं आणि ब्राउझरमध्ये आपलं एक पान उघडून दाखवायचं. नाही जमलं तर सोमवारपासून मावशीच्या लाँड्रीत इस्त्री.

मॅडमनी ताईजवळ नंबर दिलाय. अडलं तर विचार म्हणावं, लाजू नकोस. मी लाजत नाही. मला फक्त बोलायला आवडत नाही.

योजना: सोमवारी इन्स्टॉल. मंगळवारी शिकणे. बुधवारी तज्ज्ञ. गुरुवार-शुक्रवार आराम.

सोमवार, दुपारी ४.
जावा इन्स्टॉल झालं!! घरभर दोन फेऱ्या मारल्या. मग तपासलं, तर लॅपटॉप म्हणतो जावा नावाचं काही माझ्याकडे नाही. तोंडावर खोटं. परत इन्स्टॉल केलं. मग आणखी एकदा. आता तीन जावा आहेत. एक तरी सापडेलच.

४ ऑगस्ट, मंगळवार.
सापडलं. जावा कुठे ठेवलंय तो पत्ता लॅपटॉपला लिहून द्यावा लागतो. स्वतः ठेवून स्वतःच विसरतो, अगदी आमच्या ताईसारखा. ताई म्हणाली, अगं, मॅडमना विचारलं असतंस तर दोन मिनिटांत झालं असतं. मी म्हटलं, विचारतात ते कच्चे. ताई बराच वेळ हसत होती. का ते कळलं नाही.

शिकणे उद्यावर ढकललं. तज्ज्ञ परवा.

५ ऑगस्ट, बुधवार.
सर्व्हर म्हणजे मला कपाटाएवढं मशीन वाटायचं. साधा फोल्डर निघाला. सुरू केला तर म्हणतो, पोर्ट ८०८० वर आधीच कोणीतरी आहे. पोर्ट म्हणजे त्याचा दरवाजा. दरवाजात कोण बसलंय? हॅकर! आमच्या घरात! मी दुसरा सर्व्हर आणला. तोही तेच म्हणतो. संध्याकाळी शोध लागला, बसलेला माझाच पहिला सर्व्हर. सकाळी चालू करून मी विसरलेले. म्हणजे दिवसभर मीच मला अडवत होते.

हॅकर नव्हता ही मोठीच गोष्ट आहे.

६ ऑगस्ट, गुरुवार.
ताईच्या फोनवरून मॅडमना मेसेज लिहिला, ‘नमस्कार मॅडम’. पुसला. लिहिला. पुसला. चाळीस मिनिटं. शेवटी चुकून नुसता अंगठा गेला. त्यांनी प्रश्नचिन्ह पाठवलं. फोन उशीखाली ठेवून वर बसले.

दुपारी ३. आलं!!! पान आलं! पांढऱ्या पानावर ‘नमस्कार’! मावशीला बोलावून दाखवलं. मावशी म्हणाली, एवढंच? एका शब्दाला चार दिवस? मी म्हटलं, दिसतंय त्यावर जाऊ नकोस, त्याच्यामागे अख्खं एंटरप्राइझ आहे. मावशीने लॅपटॉपच्या मागे वाकून पाहिलं.

७ ऑगस्ट, शुक्रवार.
सगळं तयार आहे, म्हणून आवराआवर. एका लपलेल्या फोल्डरात हजारो फायली सापडल्या. मी त्यातली एकही ठेवली नव्हती. सगळ्या उडवल्या. लॅपटॉप हातात घेऊन पाहिला, हलका वाटतो.

उद्याचं भाषण: ‘मॅडम, हे पान.’ आरशासमोर पस्तीस वेळा म्हटलं. आरशाला पसंत आहे.

८ ऑगस्ट, शनिवार. ११.२०, ऑफिसातून.
कोपऱ्यातलं टेबल मिळालं, भिंतीला पाठ. मस्त. समोर आणखी एक उमेदवार, चष्मेवाला. प्रोग्राम चालू केला तर म्हणतो, लागणाऱ्या फायली गायब आहेत, नेटवरून परत आणतो. अच्छा, त्या काल उडवलेल्या. आणू दे की. घरी ताईच्या फोनचं नेट असतं, आठवडाभर तिने तो माझ्यासाठी घरीच ठेवला होता, आज ताई फोन घेऊन कामावर गेलीय. इथे वायफाय आहे, पासवर्ड मागतंय.

११.४५. पासवर्ड विचारणं बरं दिसत नाही. ऑफिसची सुरक्षा असते. मी ओळखून काढणार. एक ते आठ आकडे: नाही. आठ ते एक: नाही.

१२.१०. चष्मेवाल्याने काहीच इन्स्टॉल केलेलं नाही! मॅडमना विचारतोय, जावा म्हणजे नेमकं काय. आत्तापर्यंत अकरा प्रश्न झाले. त्याच्यासाठी मलाच लाज वाटतेय. बिचारा.

१२.४०. त्रेसष्ट पासवर्ड झाले. मॅडम येऊन म्हणाल्या, चाललंय ना? मी जोरात मान हलवली. जवळ आलेय मी.

शनिवार, दुपारी ३. घरी.
चष्मेवाल्याला घेतलं.

मॅडम म्हणाल्या, त्याला काही येत नाही, पण तो विचारतो तरी. तू दीड तास काय करत होतीस? मी पासवर्डचं सांगितलं. परक्या माणसाशी यावर्षी बोललेलं माझं सगळ्यात मोठं वाक्य. मॅडमनी माझ्या डोक्यामागे बोट दाखवलं. भिंतीवर पासवर्ड लिहिलेला होता, वीतभर अक्षरात. म्हणाल्या, अगं, नुसतं मागे वळून पाहिलं असतंस तरी चाललं असतं.

लाँड्री सोमवारी सकाळी आठला.

वरच्या मजल्यावरच्या काकूंना आत्ताच जुळं झालं. दोन्ही मुली. मी स्वतःहून विचारलं.