घंटेची किल्ली

मंगळवार, १४ मार्च

चि. बबडीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

जावईबापूंची पाठ कशी आहे? नोकरी सुटल्यापासून घरी बसून ती जास्तच आखडली असेल. धाकटीचा कान दुखत होता, तो थांबला ना? ताईला जिने चढू देऊ नकोस. माझीच बहीण ती, ऐकायची नाही, पण तू सांगत राहा. आणि तू वेळेवर जेवतेस ना? माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात, मीही कुरकुरतो, आमचं छान जमतं.

दुकानात रेडिओ दुरुस्तीला आता कोणी आणत नाही, गप्पा मारायला येतात. परवा एका परदेशी नर्सबाईंनी लिहिलं, की रात्री ऑक्सिजन कमी पडला तेव्हा पेशंटजवळच्या यंत्रात बसवलेल्या आपल्या दोघांच्या प्रोग्रामने घंटा वाजवली आणि एक आजोबा वाचले. कुणाला तरी सांगायचं म्हणून शेजारच्या शिंप्याला सांगितलं. तो म्हणाला, "सगळं फुकटच वाटता, तर माझ्या दुकानातही जरा फुकट बटणं लावायला बसत जा."

त्याला काय समजावू? विहीर सगळ्यांची, पाणी ओढून देण्याची मजुरी आपली, हे तू मात्र चटकन उचललंस. प्रोग्रामचा कोड सगळ्यांना फुकट वाचायला-वापरायला उघडा ठेवायचा, पण दवाखान्यांत तो बसवून द्यायचा, बिघडला की धावायचं, आणि त्या कामावर घर चालवायचं. मला तुझा फार अभिमान आहे. हे आधी लिहून ठेवतो.

कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

गेल्या आठवड्यात प्रोग्रामची नवी आवृत्ती बाहेर गेली. मी पाठवलेली नाही. पाठवायची किल्ली, म्हणजे जिच्याशिवाय यंत्रं नवी आवृत्ती घेतच नाहीत ती गुप्त खूण, फक्त आपल्या दोघांकडे, म्हणून तूच काही सुधारलं असेल असं समजून मी ती वाचायलाही घेतली नाही. काल रात्री वाचली. घंटा वाजवायची की नाही, हे आता पेशंटजवळचं यंत्र ठरवत नाही. ते कुठल्याशा अनोळखी पत्त्यावर विचारतं. तिकडून गप्प राहा म्हटलं, की गप्प राहतं.

मध्यंतरी दुकानात आलेला तो गोडबोल्या माणूस आठवतो? माझ्याकडे किल्ली विकत मागत होता. मी नाही म्हटलं आणि तुला हसत हसत सांगितलं. तू हसली नव्हतीस. जावईबापूंच्या पाठीची काळजी असेल, घरखर्चाचा विचार असेल, असं मी मनाशी म्हटलं.

आज सकाळी ती आवृत्ती मागे घेतली. सगळ्यांना कळवलं, की ताबडतोब जुनी बसवा. तुझी किल्लीही मी बंद केली आहे, तुला न विचारता. तुझ्या दवाखान्यांतल्या यंत्रांना माझा हात पोचत नाही, म्हणून लगेच तुला फोन केला. तू म्हणालीस, "हो मामा, आत्ताच बसवते." आणि फोन ठेवलास.

बबडे, काय झालं, असं तू विचारलंच नाहीस.

तेव्हापासून दुकान उघडलेलं नाही. किल्ली चोरीला गेली असेल तर तसं लिही, दोघं मिळून निस्तरू. दिली असशील तर कोणाला, आणि आणखी काय काय दिलंस, तेही लिही. रागावणार नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला? रागावेन. तरी तुझ्या बाजूला उभा राहीन. उशाशी ते यंत्र ठेवून माणसं झोपतात गं. उत्तराला उशीर करू नकोस.

तुझाच,
घाबरलेला मामा