अनुपमच्या जन्माची थाळी

जबलपूर
१० नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार रीत म्हणून लिहिला आहे, मनापासूनचा समजू नये.

माझं नाव दिसलं की तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद हाती घेतला. भाऊबीजेला आली नाहीस, तेव्हा वाटलं गुडघे दुखत असतील. श्रद्धाने तुझ्या वाटणीचे अनारसे डब्यात घालून ठेवले होते. खरं कारण काल कळलं. विधी सेवा प्राधिकरणाने आम्हाला फुकट दिलेल्या वकील अंजनी तिवारी यांनी नर्सिंग होमचं उत्तर वाचून दाखवलं. त्याला एक शपथपत्र जोडलंय आणि त्याच्याखाली सही तुझी आहे. माझ्या सख्ख्या बहिणीची, माझ्या नातवाविरुद्ध!

तू त्यात म्हणतेस की बाळ जन्मताच मोठ्याने रडलं आणि ते रडणं ऐकून तू आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे ऑपरेशनच्या खोलीच्या दाराबाहेर थाळी वाजवलीस. पुरावा म्हणून तुझ्या अवंतिकेने मोबाइलवर काढलेला व्हिडिओही दिलाय. याचा अर्थ तुला कळतो का? बाळाचे ठोके मंदावले तरी श्रद्धाला दुपारभर तसंच ठेवलं, सिझेरियनला उशीर केला, आणि बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, ही आमची ग्राहक आयोगातली तक्रार. जे बाळ रडत नाही, त्याला लगेच मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं होतं. पहिल्या काही तासांत उपचार मिळाले असते तर कदाचित एवढं नुकसान झालं नसतं. तुझा जावई डॉ. श्रीकांत म्हणतो की बाळ खणखणीत रडलं, झटके दुसऱ्या दिवशी आले, दोष जन्मजात आहे. अंजनीबाई म्हणाल्या की आता सगळी केस तुमच्या दीदींच्या थाळीवर येऊन थांबली आहे.

तुझी भावजय शैलजा गेल्यावर लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायला घरात बाईमाणूस नव्हतं. तू आलीस, डिंकाचे लाडू केलेस, आणि घरचाच डॉक्टर आहे म्हणून तिला श्रीकांतच्या नर्सिंग होममध्ये तूच नेलंस. हे मी आजवर तोंडातून काढलं नव्हतं. आता काढतो. ते शपथपत्र मागे घे.

लोभ शिल्लक असेल तर दाखव.
रत्नाकर


सिहोरा
१९ नोव्हेंबर २०२५

चि. रत्नाकर यास,
अ. उ. आ. मी आशीर्वाद मनापासूनच देते, कारण मी मोठी आहे आणि तुझ्यासारखी कोती नाही.

तू जन्मलास तेव्हा रडला नव्हतास. आजीने तुझ्या कानाशी थाळी बडवली तेव्हा कुठे तोंड उघडलंस. दर भाऊबीजेला मी ही गोष्ट सांगते आणि सगळे हसतात. आता वाटतं, आजीने उगाच एवढी मेहनत घेतली. तेव्हा उघडलेलं तोंड अजून मिटत नाही.

वकील फुकट मिळाली म्हणून नातेवाइकांना आयोगात खेचायचं का? अवंतिकेचं काय होऊन राहिलं, हे एकदा तरी विचारलंस? ती जेवायला बसली की तिची सासू ताटासमोर पेपर आणून ठेवते, त्यात नर्सिंग होमच्या केसची बातमी. कॉलनीतल्या बायका तिला विचारतात की तुमच्या मामानेच केस केली का. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आता ती त्या घरात चोरासारखी वावरते. माझ्या पोरीचा संसार तुझ्या तक्रारीपायी मोडू देऊ का?

आणि दोष द्यायचाच तर घरात बघ. नववा लागला तरी श्रद्धा स्कूटीवरून शाळेत शिकवायला जात होती. मी नको म्हटलं, तर अत्तू, तुम्ही काळजी फार करता, असं म्हणून हसली. मग आता मी काहून बोलू नये? लेकरू जसं पदरात पडतं तसं सांभाळायचं असतं, त्याची फिर्याद करायची नसते.

बाळ रडलं, मी ऐकलं. थाळी वाजली, मी वाजवली. यात खोटं काय आहे? मी काहीही मागे घेणार नाही. अनारसे मुंग्यांना घाल.

केस मागे घेतलीस की माया करीन, तोवर मागू नये.
सौ. सत्यवती मुरलीधर पाठक


जबलपूर
२८ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि. अनारशांना मुंग्यांनीही तोंड लावलं नाही. तुझ्या कृतीने केले होते, त्याचा गुण असेल.

अवंतिकेबद्दल वाचून वाईट वाटलं. ती माझीही भाची आहे, माझ्या मांडीवर खेळलेली. पण आता माझ्या मांडीवर जो आहे त्याच्याबद्दलही ऐक. अनुपम दीड वर्षाचा होऊन गेला, अजून मान धरत नाही. दूध चमच्याने पाजतो, अर्धं बाहेर येतं, थोडं श्वासात जातं, मग खोकता खोकता निळा पडतो. श्रद्धाची शाळा सुटली ती सुटलीच. जावई गौतम रेल्वेत दुसऱ्यांच्या पाळ्याही करून राहिला, घरी येतो तो झोपायला. मी सत्तरीला टेकलो. श्रीकांतला तुरुंगात पाठवायची मला हौस नाही. आम्ही गेल्यावर या पोराला चमच्याने कोण भरवेल, त्याची सोय लागावी, एवढ्यासाठी ही केस आहे.

तुझं पत्र श्रद्धाने वाचलं. स्कूटीच्या ओळीपाशी थांबली, मग घडी घालून मला परत दिलं आणि अनुपमला तेल लावायला बसली. त्या ओळीसाठी मी तुला कधीही माफ करणार नाही, हे लिहून ठेव.

आता व्हिडिओचं. भांड्यांच्या आवाजाने अनुपमला झटका येतो, म्हणून मी तो आवाज बंद करून पाहिला. पुष्कळदा पाहिला. आवाज असला की आनंदीआनंद वाटतो. आवाज नसला की तुझा चेहरा दिसतो. तू हसत नाहीस. कॅमेऱ्याकडे बघत नाहीस, पेढ्यांचं बोलणाऱ्यांकडे बघत नाहीस. डोळे बंद दारावर आणि हात असा चालतोय, जसा शेतातली पाखरं हाकलताना चालतो. आणि मला माझ्याच जन्माची गोष्ट आठवली. आपल्या घरात थाळी कशासाठी वाजवतात, हे आजीपाशी उभं राहून फक्त तू पाहिलं होतंस. आम्ही ती आनंदाची समजून मिठाईच्या दुकानाकडे धावलो.

रडणं ऐकून वाजवलीस की रडणं ऐकू येईना म्हणून? आयोगात तुझी उलटतपासणी होईल, तेव्हा अंजनीबाई हेच विचारतील. परक्याने विचारायच्या आधी भावाने विचारावं, म्हणून लिहिलं.

लोभ नको, उत्तर दे.
रत्नाकर


सिहोरा
९ डिसेंबर २०२५

चि. रत्नाकर यास,
अ. उ. आ.

फार शहाणा झालास. बहिणीचं तोंड आवाज बंद करून बघत बसलास, एवढं तिच्या लग्नात तरी बघितलं होतंस का?

आया बाहेर आली, भैया झाला, बधाई हो म्हणाली आणि बक्षिसासाठी हात पुढे केला. तिच्यामागे दार उघडंच होतं आणि आतून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी घरातली बाळंतपणं पाहिलेली बाई आहे, तसली शांतता मला कळते. दार लागलं. पिशवीतून थाळी काढली आणि वाजवत सुटले. तुम्ही सगळे नाचायला लागलात. तुम्हाला काय सांगणार होते? मग आत मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी कण्हलं. श्रीकांत बाहेर येऊन म्हणाला, रडला, सब ठीक है. मी मानलं. घरच्या डॉक्टरचं मानायचं नाही तर कोणाचं?

शपथपत्र त्यांचाच वकील लिहून घेऊन आला. बाळ रडलं हे खरं, थाळी वाजली हेही खरं, फक्त मागचं पुढे केलेलं. वाचताना मला ते दिसलं होतं. समोर अवंतिका बसली होती. सही केली.

काल इथल्या नोटरीकडे जाऊन दुसरं शपथपत्र केलं, जसं घडलं तसं, आणि तुझ्या वकीलबाईंना पाठवलं. अवंतिकेला फोनवर मीच सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली की आई, आता मला माहेर नाही. फोन ठेवला, तो पुन्हा उचलत नाही. हे सगळं तुझ्यामुळे झालं, आणि म्हणून तुझ्या घरचं पाणीसुद्धा मी पिणार नाही. श्रद्धाला सांग, स्कूटीचं मी लिहायला नको होतं. हे तिच्यासाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

तारखेला बसने येईन. स्टँडवर न्यायला येऊ नकोस, मला रस्ता ठाऊक आहे. थाळी सोबत आणते. बाळ कधी रडलं असं त्यांनी विचारलं तर घड्याळातलं मला सांगता येणार नाही. माझा हात दुखायला लागला तरी ते रडलं नव्हतं, एवढं सांगेन.

लोभ मी मागत नाही, तूही मागू नकोस.
तुझी ताई